तरस या आडनावाची कैफियत

रावेतचे भोंडवे, वाकडचे कलाटे, भोसरीचे लांडगे आणि किवळ्याचे तरस ही नावे पवना-मुळेच्या या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या कानाला इतकी सरावलेली असतात, की त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. तो प्रश्न उपस्थित झाला २००९ साली मुळशी तालुक्यातले ताथवडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आल्यानंतर. तिथल्या पशुपैदास प्रक्षेत्राच्या आसपास महाविद्यालये व उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या आणि नाना प्रांतांतून आलेली माणसे एकमेकांच्या दारावरच्या पाट्या वाचू लागली तेव्हा. ‘तरस’ ही अक्षरे वाचून हिंदी भाषक शेजाऱ्याला दया आठवते, मराठी शेजाऱ्याला मढी उकरणारे जनावर आठवते, आणि या दोहोंच्या कात्रीत सापडलेला तरुण राजपत्रात नाव देऊन आडनाव बदलण्याची भाषा बोलू लागतो. त्याला त्यापासून परावृत्त करण्यासाठी हितचिंतक ज्या उपपत्ती पुढे करतात, त्या मात्र मूळ लज्जेहून अधिक घातक आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. कारण या नावाचा सरळ अर्थ लाजिरवाणा आहे हे त्या मुकाट्याने कबूल करतात आणि मग त्याला झाकायला वस्त्र शोधतात.

पहिली उपपत्ती शौर्यकथेची. कोणा पूर्वजाने नुसत्या हातांनी तरस लोळवले आणि संतुष्ट झालेल्या राजाने त्याला तो किताब दिला, असे सांगितले जाते. पण वधाचे स्मरण ठेवायचे तेव्हा मराठी भाषा तसा शब्द घडवते: वाघ मारणाऱ्याचे घराणे ‘वाघमारे’ होते, नुसते ‘वाघ’ होत नाही. शिवाय किताब हा दरबारचा व्यवहार आहे. त्यामागे सनद हवी, शिक्का हवा, पुढच्या पिढ्यांच्या कागदांतून त्याचा पुनरुच्चार हवा. घोरपडीच्या साहाय्याने गड चढल्याची कथा सांगणाऱ्या मुधोळकर घोरपड्यांपाशी निदान बादशाही फर्माने होती, आणि त्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयीसुद्धा इतिहाससंशोधकांनी कसून वाद घातला. जेथे फर्मान असूनही उलटतपासणी चुकत नाही, तेथे लग्नाच्या पंगतीत ऐकलेली गोष्ट पुरावा म्हणून कशी दाखल करून घ्यावी?

दुसरी उपपत्ती अधिक विद्वत्तेचा आव आणते, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. संस्कृतात ‘तरस्’ म्हणजे वेग व बळ, ‘तरस्विन्’ म्हणजे बलवान, शूर. तेव्हा तरस हे कुळ मूळचे तरस्वी क्षत्रियांचे, असा हा युक्तिवाद आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थलनामांची व व्यक्तिनामांची मुळे संस्कृतात शोधण्याचा जो प्रचंड उद्योग केला, त्याची ही दूरची पडछाया म्हणावी लागेल. मात्र राजवाड्यांचा व्यासंग नसता केवळ त्यांची रीत उचलली, तर ध्वनिसाम्य हाच पुरावा ठरू लागतो. तपस्विन् मराठीत तपस्वी झाला, तेजस्विन् तेजस्वी झाला, ओजस्विन् ओजस्वी झाला. त्याच न्यायाने तरस्विन् हा ‘तरस्वी’ व्हायला हवा होता. आणि संस्कृतच हवे असेल तर ते हाताशी आहे: ‘तरक्षु’ हा शब्द अमरकोशाच्या सिंहादिवर्गात सिंह-व्याघ्रांच्या पंक्तीला बसला आहे, त्याचा अर्थ तरस हाच आहे, आणि आपला मराठी शब्द त्याच कुळीतून आला आहे. सरळ वाटेने मिळणारी प्राचीनता टाकून आडवाटेने उसनी प्राचीनता आणण्याचे प्रयोजन काय?

इंग्रजी अमदानीतल्या कोणा कारकुनाने भलतेच लिहून ठेवले, ही तिसरी उपपत्ती तर क्षणभरही टिकत नाही. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती होते, मोडीत होते, आणि कोणते घर कोणत्या नावाने ओळखले जाते हे त्याला गोऱ्या साहेबाने सांगण्याची गरज नव्हती.

आता माझे प्रतिपादन. तरस हे आडनाव तरस या प्राण्याचेच नाव आहे. याची साक्ष व्याकरण देते. लांडगा, कोल्हा, ससाणा हे आकारान्त शब्द आदरार्थी अनेकवचनात लांडगे, कोल्हे, ससाणे होतात आणि त्याच रूपात आडनावे बनतात. वाघ, गरुड, पोपट यांच्या रूपात बदल होत नाही, म्हणून ती जशीच्या तशी आडनावे होतात. तरस हा दुसऱ्या गटातला शब्द आहे आणि अगदी त्याच नियमाने चालतो. एका गावात दोन राणोजी असले की ‘अमुक बिन तमुक’ एवढ्याने भागत नसे. नावाला आड येणारे दुसरे नाव लागे, आणि ते गावकरी आपल्या माळरानातून, ओढ्यातून, शेतातून उचलत. लांडगे आणि तरस ही दोन्ही नावे याच परिसरात नांदावीत यात मला विलक्षण संगती दिसते, कारण हे दोन्ही प्राणी पुण्याच्या भोवतालच्या माळांवर आजही आढळतात.

राहिला हीनतेचा प्रश्न. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नवजात अर्भकाला धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा अशी नावे ठेवत. ती ठेवणाऱ्या आईच्या मनात तिरस्कार नव्हता, काळजाला पीळ पाडणारी माया होती. हलके दिसणारे नाव हलक्या भावनेतून येते, हे गृहीतच चूक आहे. तरस या प्राण्यावरही आपण अन्याय करत आलो आहोत. चित्रपटांतून खदखदा हसणारे तरस आफ्रिकेतले ठिपकेवाले. आपले तरस पट्टेवाले, मानेवर आयाळ असलेले, पुढून उंच व मागून उतरते, बहुधा एकटे हिंडणारे आणि अबोल. गावाबाहेर टाकलेल्या मेल्या ढोराची हाडेसुद्धा फोडून खाणारा हा प्राणी शिवार स्वच्छ ठेवत असे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे छत्र त्याच्यावर आहे.

म्हणून या पट्ट्यातल्या तरसांना, आणि अशाच अनवट आडनावांच्या सर्व घरांना, माझी विनंती आहे, की पाटीवर नाव पूर्ण आणि ठळक लिहावे, आणि जुना वाडा विकसकाच्या हवाली करण्यापूर्वी माळ्यावरची ट्रंक उघडून पाहावी. तीत महजर, वाटणीपत्रे, करीने, जे काही मोडी कागद निघतील, ते रद्दीत न घालता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन वाचून घ्यावेत.