गर्द उतरल्यानंतरची जबाबदारी

गर्दाच्या व्यसनातून मनुष्य सुटतो म्हणजे नेमके काय होते, याविषयी आपल्या समाजात एक समजूत खोलवर रुजलेली आहे. ती अशी की, व्यसनी माणसाला कोठेतरी दाखल करावे, आठवडा-पंधरवडा जे सोसायचे ते त्याला सोसू द्यावे, अंगातले विष उतरले की न्हाऊ-माखू घालून घरच्यांच्या स्वाधीन करावे, आणि एवढे झाले म्हणजे उपचाराचे कार्य तडीस गेले. या समजुतीपायी कुटुंबे आपली पुंजी रिती करतात, दानशूर गृहस्थ खाटा देणगीदाखल देतात, न्यायालये हुकूम काढतात आणि सरकारी अहवालांचे रकाने भरतात. माझ्या मते ही समजूत घातक आहे. अफूवर्गीय द्रव्यांच्या बाबतीत विष उतरल्यानंतरचे पहिले काही आठवडे हाच सर्वाधिक जोखमीचा काळ असतो, आणि नेमक्या त्याच काळात आपण रुग्णावरची नजरही काढून घेतो आणि खर्चाचा हातही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरने, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या या गर्दाने, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि महाविद्यालयांत शिरकाव केला, अनिल अवचटांनी गर्दाच्या विळख्यात सापडलेल्या मुलांची कैफियत वाचकांपुढे मांडली, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी उपचाराची धुरा उचलली आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. त्यानंतर द्रव्यांची रूपे पालटली. पन्नीवर ओढल्या जाणाऱ्या भुकटीच्या जोडीला कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आली, वेदनाशामक ट्रामाडॉल आले (ज्यास अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावयास 2018 उजाडावे लागले), आणि सुईही आली. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात अफूवर्गीय द्रव्ये घेणारे सुमारे 2 कोटी 26 लाख असून त्यांपैकी सुमारे 77 लाखांना मदतीची निकड आहे. एवढ्या मोठ्या संख्येचा प्रश्न 'वाया गेलेल्या पोरांचा' म्हणून झटकून टाकता येण्यासारखा नाही.

विष उतरविण्याचा तो आठवडा वैद्यकीय देखरेखीखाली कसा जातो, हे एकदा जवळून पाहावे. शेवटचा झुरका घेतल्यापासून आठ-बारा तासांत रुग्णाला जांभयांवर जांभया येऊ लागतात, नाक व डोळे वाहू लागतात, बाहुल्या विस्फारतात, अंगावर काटा उभा राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाडांतला ठणका, पोटातला मुरडा, ओकाऱ्या, जुलाब आणि पाय एका जागी ठरू न देणारी तळमळ यांचा कळस होतो, आणि यालाच गर्दुल्ले 'टर्की' म्हणतात. परिचारिका दर काही तासांनी येते, नाडी मोजते, विजेरीच्या उजेडात बाहुल्या पाहते, हात पुढे करावयास सांगून बोटांचा कंप निरखते, घाम, जांभया, अंगावरचा काटा या प्रत्येकाला गुण देऊन तक्त्यावर बेरीज मांडते. ती बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याखेरीज ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी जिभेखाली ठेवली जात नाही. कारण हे औषध मेंदूतील ज्या ठिकाणी अफूचा अंश जाऊन बसतो तीच जागा अधिक चिवटपणे बळकावते, परंतु अंमल मात्र अर्धाच गाजविते. गर्दाचा अंमल पुरता ओसरण्यापूर्वी ते दिले, तर जागेवरचा गर्द एका झटक्यात हुसकला जातो आणि जी टर्की हळूहळू चढली असती ती घटकाभरात अंगावर कोसळते. क्लोनिडीन दिले तर रक्तदाब खाली जातो, म्हणून तोही मोजत राहावे लागते. गर्भवती स्त्रीची नशा तर एकाएकी तोडू नये, तिला औषधाच्या आधारावरच ठेवावे, असा वैद्यकाचा दंडक आहे.

हे सारे पाहिले म्हणजे, कोठडीत वा कुलूपबंद खोलीत डांबून, प्रसंगी मारझोड करून 'टर्की काढणे' हा किती अडाणी आणि अमानुष प्रकार आहे हे वेगळे सांगावयास नको. ओकाऱ्या आणि जुलाब यांनी शरीरातील पाणी आटून दुर्बळ माणूस कोठडीत दगावू शकतो. म्हणून वैद्यकीय देखरेखीखालील विषनिर्मूलनाची महती कमी करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. ते अवश्य व्हावे, सन्मानाने व्हावे आणि तालुक्याच्या गावीही व्हावे. परंतु ते उपचाराचा उंबरठा आहे, हे विसरले की अनर्थास आरंभ होतो.

अनर्थ कसा, तेही पाहू. नित्य सेवनाने शरीर गर्दाला सरावते. ज्या मात्रेने नवख्या माणसाचा श्वास थांबेल ती मात्रा जुना गर्दुल्ला सहज पचवितो. विष उतरले की हा सराव थोड्याच दिवसांत नाहीसा होतो, परंतु ओढ मात्र महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, मनात दबा धरून राहते. अशा अवस्थेत घरी परतलेल्या तरुणाला जुना मित्र भेटतो, जुनी पुडी हाती येते, आणि तो आपल्या आठवणीतली जुनी मात्रा घेतो. ती आता त्याच्या शरीराला प्राणघातक झालेली असते. लंडनमध्ये दाखल करून विषनिर्मूलन केलेल्या 137 रुग्णांचा मागोवा घेऊन 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात पाच मृत्यू आढळले. त्यांतील अतिमात्रेने झालेले तिन्ही मृत्यू पहिल्या चार महिन्यांतले होते, आणि ते तिघेही उपचार यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यांपैकी होते. ज्यांनी उपचार अर्ध्यावर सोडले, त्यांच्यात अतिमात्रेचा एकही मृत्यू नव्हता. आपल्या दप्तरात 'पूर्ण' असा शेरा ज्यांच्या नावापुढे पडतो, त्यांच्याच गळ्याशी धोका अधिक असावा, ही गोष्ट कोणाही व्यवस्थापकाची झोप उडविणारी आहे.

त्याच वर्षी स्वीडनमधील एक अभ्यासही प्रकाशित झाला. चाळीस हेरॉइनग्रस्तांपैकी वीस जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवले, तर उरलेल्या विसांना सहा दिवसांत ते उतरवीत आणून पुढे औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन मात्र दोहोंनाही सारखेच होते. वर्षअखेर पहिल्या गटातील 75 टक्के रुग्ण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातील एकही टिकला नाही, आणि त्यांतले चौघे मरण पावले. तुरुंगातून सुटणाऱ्यांचीही कथा निराळी नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कैद्यांविषयी 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याचा संभव सामान्य नागरिकाच्या 129 पट आढळला. तुरुंगाच्या भिंतीआड सक्तीने नशा तुटली, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या यंत्रणेने हा आकडा आपल्या कचेरीत टांगून ठेवावा.

यावर उपाय वैद्यकाला ठाऊक आहे आणि तो महागही नाही. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध दीर्घ मुदतीपर्यंत, रुग्णाला गरज असेल तोपर्यंत, देत राहणे हा तो उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच ही दोन्ही औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांवर ही पद्धत चालू आहे: रुग्ण येतो, वहीत सही होते, गोळी चुरडून त्याच्या जिभेखाली ठेवली जाते, ती विरघळेपर्यंत तो बाकावर बसतो, तोंड उघडून दाखवितो आणि कामावर जातो. या साध्या दिनक्रमातच त्याच्या संसाराची घडी पुन्हा बसू लागते, कारण पुडीच्या शोधात जाणारा सारा दिवस आता त्याच्या हाती उरतो. परंतु या योजनेचा उगम एड्सच्या नियंत्रणात असल्याने तिचे दार मुख्यतः सुई टोचणाऱ्यांसाठी उघडले. पन्नीवर ओढणारा गर्दुल्ला त्या दाराबाहेरच राहिला. पंजाब सरकारने 2017 पासून बाह्यरुग्ण पद्धतीने ब्युप्रेनॉर्फिन देणारी केंद्रे उघडून हा उपचार सर्व प्रकारच्या अफूग्रस्तांपर्यंत नेला. महाराष्ट्राने तो कित्ता गिरवावयास हरकत कसली?

हरकत घेणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्षून चालणार नाही. ते म्हणतात, एका व्यसनाच्या जागी दुसरे आणून बसविणे ही कसली मुक्ती? या आक्षेपामागे मुक्तीविषयीची एक उदात्त कल्पना आहे. मनुष्याने कोणत्याही द्रव्याच्या आधाराविना उभे राहावे, अशी. परंतु व्यसन म्हणजे केवळ नित्य सेवन नव्हे. ज्या सेवनापायी मनुष्य चोरी करतो, आईच्या अंगावर धावून जातो, नोकरी गमावतो आणि तरीही थांबू शकत नाही, ते व्यसन. जिभेखालची गोळी घेऊन वेळेवर कामावर जाणारा, पगार घरी आणणारा आणि मुलाच्या शाळेत पालकसभेला बसणारा मनुष्य व्यसनी कोणत्या अर्थाने? क्षयाचा रुग्ण खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडू लागला, तर आपण त्याला शाबासकी देत नाही, रागे भरतो. मग येथेच आपली बुद्धी उलट दिशेने का चालावी? गोळ्या बाहेर विकल्या जाण्याची भीती खरी आहे. म्हणूनच त्यांत अफूचा अंमल तोडणारे नॅलॉक्सोन मिसळतात, जेणेकरून त्या शिरेतून टोचणाऱ्यास लाभ तर नाहीच, उलट टर्कीच सोसावी लागते. चांगल्या देखरेखीने ही गळती आटोक्यात राहते. गळतीच्या भयाने औषधच नाकारले, तर त्याची किंमत प्राणांनी मोजली जाते.

औषधाविना राहू इच्छिणाऱ्यांचा मार्गही तितकाच आदरणीय आहे. नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या सभा, मुक्तांगणसारख्या संस्थांचा पाठपुरावा, रुग्णांच्या पत्नींना एकत्र आणणारे गट, पुन्हा घसरण ('स्लिप') झाली तरी दार बंद होणार नाही ही खात्री, या आधारांवर अनेकांनी आपले आयुष्य सावरलेले आहे. अशांसाठी नालट्रेक्सोन हे गर्दाचा अंमल चढूच न देणारे औषध आहे. ते विष पूर्ण उतरल्यानंतर, सुमारे आठवडा-दहा दिवसांनी, सुरू करावयाचे आणि वडिलांनी किंवा पत्नीने समोर उभे राहून घ्यावयास लावायचे असते. रुग्णाने कोणताही मार्ग पत्करो, त्याला त्या मार्गाची जोखीम समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. 'आता तुझ्या अंगात पूर्वीचा सराव उरलेला नाही, जुनी मात्रा तुला मारून टाकील', हे वाक्य घरी सोडताना रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला स्पष्ट शब्दांत ऐकवलेच पाहिजे. पुडीची आठवण कशाला करून द्यायची, या संकोचापायी ते गिळून टाकणे म्हणजे सभ्यतेच्या नावाखाली केलेली हयगय होय.

कायद्यानेही थोडी वाट करून ठेवलेली आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे कलम 64-अ स्वेच्छेने उपचारास येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या वा अल्पप्रमाणाच्या गुन्ह्यातून अभय देते. मात्र उपचार पुरे केले नाहीत तर ते अभय काढून घेण्याची तजवीजही त्यातच आहे. जो आजार वर्षानुवर्षे उलटत राहण्याचा स्वभाव घेऊन आला आहे, त्याचे उपचार पुरे झाले हे कोणत्या तारखेस ठरवावयाचे? पुन्हा घसरणे हा या आजाराचा भाग आहे, बेइमानीचा पुरावा नव्हे, हे पोलीस आणि वकील यांनी ध्यानी घेतले तर कलमाचा हेतू सफल होईल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांना मानसिक आजारांत स्थान दिले आहे. म्हणजे उपचार हा व्यसनग्रस्तांचाही हक्क ठरला.

म्हणून माझी मागणी अगदी व्यवहारी आहे. ज्या केंद्राला सरकारी अनुदान मिळते, त्याच्याकडून किती जण दाखल झाले आणि किती जण घरी सोडले एवढाच हिशेब मागू नये. सोडलेल्यांपैकी किती जण वर्षभरानंतर हयात आहेत आणि किती जण उपचाराशी जोडलेले आहेत, हाही हिशेब मागावा आणि अनुदानाचा निकष त्यालाच करावा. घरी सोडण्यापूर्वी पुढच्या औषधाची व पाठपुराव्याची तारीख ठरल्याखेरीज रुग्णाच्या कागदावर सही होऊ नये. तुरुंगांतून सुटणाऱ्यांसाठीही हाच नियम असावा. अतिमात्रेने थांबलेला श्वास परत आणणारे नॅलॉक्सोन, जे आज रुग्णालयाच्या कपाटात पडून असते, ते प्रशिक्षण देऊन कुटुंबांच्या हाती द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस 2014 मध्येच केलेली आहे.

आणि ज्यांच्या घरी असा मुलगा, भाऊ किंवा नवरा आठवड्याभरापूर्वी 'बरा होऊन' परतला आहे, त्यांना एकच सांगणे: समारंभ आवरता घ्या, पुढील भेटीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, आणि कोठे जावे हे कळत नसेल तर 14446 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आजच विचारा.