टेलिग्रामचं कुलूप अर्धवट ठेवू नका!

टेलिग्राम वापरणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती: आजच्या आज आपल्या खात्याचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन (लॉगिन कोडनंतर मागितला जाणारा जादा पासवर्ड) पूर्ण झालंय का, ते तपासा.

घोटाळा होतो तो शेवटच्या पायरीवर. आपण पासवर्ड ठरवतो, रिकव्हरी ई-मेल देतो आणि काम झालं समजून ॲप बंद करतो. पण टेलिग्राम त्या ई-मेलवर एक कोड पाठवतं. तो कोड ॲपमध्ये भरेपर्यंत नवा पासवर्ड लागूच होत नाही. टेलिग्रामचा नियमच तसा आहे. पत्त्यात एक अक्षर चुकलं, तर कोड भलतीकडे जातो आणि खातं उघडंच राहतं.

अशाच खात्यांवर भामट्यांचा डोळा असतो. परीक्षेच्या नोट्स, घरबसल्या नोकरी असं आमिष दाखवून ते लॉगिन कोड मागतात. तो दिलात, की तुमच्या नावाने आत शिरतात, स्वतःचा पासवर्ड लावतात आणि तुमच्याच नातेवाइकांकडे पैसे मागतात.

म्हणून लगेच हे करा:

• 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' उघडा. ई-मेलवरचा कोड मागितला जात असेल, तर काम अर्धवट आहे.

• कोड सापडत नसेल तर स्पॅममध्ये बघा, पत्ता ताडून पाहा, कोड पुन्हा मागवा.

• ई-मेल स्वतःचा आणि रोजच्या वापरातला द्या. ऑफिसचा किंवा कॉलेजचा नको. तिथून बाहेर पडलात की तो बंद होऊ शकतो.

• त्या ई-मेललाही टू-स्टेप लावा. मेल ज्याच्या हाती, पासवर्ड बदलणं त्याच्या हाती.

रिकव्हरी ई-मेल नसताना पासवर्ड विसरलात, तर आधीपासून लॉगिन असलेल्या फोनवरूनही रीसेटसाठी सात दिवस थांबावं लागतं. कुठेच लॉगिन नसेल, तर खातं मिटवून नव्याने सुरुवात करावी लागते. जुनी चॅट, ग्रुप, सगळं जातं.

कोणी घुसल्याची शंका आली, तर 'डिव्हाइसेस' उघडून अनोळखी लॉगिन तत्काळ बंद करा. नव्याने शिरलेल्याला पहिले २४ तास तुमचं जुनं लॉगिन बंद करता येत नाही. तेवढ्या वेळात हालचाल करा. पैसे गेले असतील, तर क्षणही न दवडता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे काम त्यांच्या शेजारी बसून करून द्या. ई-मेलवर आलेला कोड भरा, मगच फोन खाली ठेवा!