साहेबांचा मेसेज आला तरी आधी फोन करा

परवा भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपवर गेलो होतो. सात-आठ सीएनसी मशिन, तीसएक कामगार. चहा आला, पण अकाउंट्सच्या टेबलावर नेहमीच्या मॅडम दिसल्या नाहीत. विचारलं तर शेठ म्हणाले, "काढलं त्यांना. बारा लाखाला बुडवलं मला."

झालं होतं असं. कच्चा माल देणाऱ्या पार्टीच्या नावानं मेल आला, 'आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर करा.' लेटरहेड तेच, सही तीच, बिल नंबरसुद्धा बरोबर. मेलच्या पत्त्यात फक्त एक अक्षर इकडचं तिकडं. मॅडमनी पेमेंट करून टाकलं. तीन आठवड्यांनी खऱ्या पार्टीचा फोन आला, "शेठ, पैसे कधी सोडताय?"

मी विचारलं, "खातं बदललं तर पार्टीला फोन करून खात्री करायची, असा नियम होता का तुमच्याकडे?"
"नव्हता."
"मॅडमना याबद्दल कधी कुणी काही सांगितलं होतं?"
"त्यात सांगायचं काय? कॉम्प्युटरचं सगळं आमचा तो पोरगा बघतो."

पोरगा म्हणजे महिन्यातून दोनदा येऊन अँटिव्हायरस अपडेट करून जाणारा.

नंतर मी मॅडमशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, "मला दुसऱ्याच दिवशी शंका आली होती. पण शेठ ओरडतील म्हणून गप्प बसले." म्हणजे पैसे अडवता येण्याची जी काय थोडी शक्यता होती, ती भीतीपोटी गेली. नियम शेठनी केला नाही, माहिती शेठनी दिली नाही, आणि नोकरी गेली मॅडमची. हे मला खटकलं, म्हणून ही पोस्ट.

आता कुणी म्हणेल, लहान वर्कशॉप आहे, चालायचंच. तर मोठ्यांचं बघू. दोन्ही प्रकरणं आपल्या पुण्यातलीच आहेत.

सप्टेंबर २०२२. सीरम इन्स्टिट्यूट, लस बनवणारी जगातली अव्वल कंपनी. कंपनीच्या एका संचालकांना सीईओंच्या नावानं व्हॉट्सॲप मेसेज आला, अमुक अमुक खात्यांवर ताबडतोब पैसे पाठवा. पैसे गेले. १ कोटी १ लाखाहून जास्त. मेसेज साहेबांनी केलाच नव्हता, हे नंतर कळलं. बंडगार्डन पोलिसांत गुन्हा दाखल झाला. अशा फसवणुकीला हॅकिंग वगैरे काही लागत नाही. साहेबांचं नाव आणि 'अर्जंट' हा शब्द पुरतो.

का पुरतो? कारण आपल्याकडे साहेबांना उलट विचारायची पद्धतच नाही. शेठचा मेसेज आला की "हो सर" म्हणायचं आणि कामाला लागायचं. "सर, हा मेसेज तुम्हीच केलाय ना?" असं विचारणाऱ्याला आपण काय उत्तर देतो, ते आठवून बघा. "तुला वाचता येत नाही का?" चोराला हे पक्कं ठाऊक असतं. तो आपल्या संगणकात नंतर घुसतो, आधी आपल्या दराऱ्याचा फायदा घेतो.

दुसरं प्रकरण कॉसमॉस बँकेचं, ऑगस्ट २०१८. इथं मात्र खरोखर यंत्रणेत घुसखोरी झाली होती. खऱ्या एटीएम यंत्रणेऐवजी चोरांची बनावट यंत्रणा व्यवहारांना मंजुरी देत होती. ११ ऑगस्टला, शनिवारी, बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना दोषी ठरवलं.

यातली शनिवारची गोष्ट लक्षात ठेवा. सुट्टीच्या दिवशी काहीतरी विचित्र घडतंय असं दिसलं, तर 'सगळं बंद करा' म्हणायचा अधिकार तुमच्याकडे कुणाला आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, "साहेबांना विचारावं लागेल." आणि साहेब महाबळेश्वरला, फोनला रेंज नाही. हा अधिकार आधीच कुणाला तरी देऊन ठेवणं हे आयटीवाल्या पोराचं काम नाही. ते मालकाचंच काम आहे.

"एवढा खर्च आम्हाला झेपणार नाही," हे वाक्य मी दहा वेळा ऐकलंय. मोठ्या यंत्रणेला खर्च येतो, मान्य. पण खालच्या गोष्टींना कितीसा खर्च आहे, सांगा.

पहिलं. खातं बदलल्याचा मेल किंवा पैसे पाठवायचा मेसेज आला, की आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. मेसेज खुद्द मालकाचा असला तरी हाच नियम.

दुसरं. ठरावीक रकमेच्या वर एकानं एंट्री करायची, दुसऱ्यानं मंजुरी द्यायची. बँका याला मेकर-चेकर म्हणतात आणि चालू खात्याच्या नेटबँकिंगला ही सोय बहुतेक बँका देतात. पण आपल्याकडे पासवर्ड, ओटीपीचा मोबाइल आणि डिजिटल सहीचा डोंगल, तिन्ही एकाच ड्रॉवरमध्ये!

तिसरं. टॅलीचा बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर ठेवला, तर तो बॅकअप नाही. रॅन्समवेअर आला की तोही कुलूपबंद होतो. वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, काम झालं की केबल काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा तो उघडतोय का ते बघा.

चौथं. १९३० हा नंबर अकाउंट्सच्या टेबलावर मोठ्या अक्षरात चिकटवा. पैसे गेल्याचं कळताच त्यावर आणि बँकेत फोन करायचा. चोरीचा पैसा या खात्यातून त्या खात्यात भराभर फिरतो, म्हणून जितका लवकर फोन, तितकी तो गोठवला जाण्याची शक्यता जास्त.

कायदाही आता मालकालाच विचारणार आहे. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं, हा नियम २०२२ पासून आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लोकांची माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. कामगारांचे आधार, पॅन, बँक तपशील तुमच्याच कॉम्प्युटरवर आहेत ना? मग "मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही" हे उत्तर चालणार नाही. तुम्हाला लेथ चालवता येत नसेल, तरी मशिनला गार्ड आहे की नाही हे तुम्ही बघताच. तसंच हे.

शेठना मी हे सगळं तोंडावर बोललो. म्हटलं, मॅडमना परत बोलवा. त्यांच्याकडून ही चूक पुन्हा होणार नाही. उलट त्यांना काढल्यामुळे बाकीचे काय शिकले? चूक झाली तर लपवा. पुढच्या वेळी तुम्हाला तीन आठवड्यांनी नाही, तीन महिन्यांनी कळेल. शेठ गप्प बसले. बघू काय करतात.

माझ्या यादीत बरेच उद्योजक, पतसंस्थांचे संचालक, शाळा आणि दवाखाने चालवणारे लोक आहेत. सगळ्यांना एकच विनंती. सोमवारी सकाळी स्टाफला पंधरा मिनिटं बोलवा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा, "माझ्या नावानं पैशाचा मेसेज आला तर आधी मला फोन करून विचारा. विचारलं म्हणून मी कुणावर रागावणार नाही. आणि चूक झाली तर त्याच मिनिटाला मला सांगा."

हे तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नाही. आणि एकदा सांगितलं की पाळायचं. मीटिंगच्या मध्येच कुणाचा असा फोन आला, तरी पाळायचं.

पटलं तर आपल्या ओळखीच्या उद्योजकांपर्यंत पोचवा. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर नाव न घेता खाली लिहा, दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील.