परसातील हिरवे क्रीडांगण

घरामागच्या मोकळ्या जागेत मुलांना खेळता यावे, असे न वाटणारा गृहस्थ विरळाच. पूर्वी त्यासाठी मुरूम पसरून, पाणी शिंपून, धुम्मसाने चोपून अंगण करीत. आता शहरोशहरी तासाच्या भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदाने पाहून तसेच अंगण आपल्याही परसात असावे, अशी इच्छा पुष्कळ कुटुंबांत दिसते. इच्छा चांगली आहे. मात्र एकदा झाकलेली जमीन पुन्हा उघडी करणे खर्चाचे व कष्टाचे असते. म्हणून विचार आधी केलेला बरा.

पहिला विचार खेळाचा. 1976 साली मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली, आणि मातीच्या व हिरवळीच्या मैदानांवर घडलेला आपला संघ सातव्या क्रमांकावर गेला. भूमी बदलली की चेंडूची गती बदलते, हा त्यातला धडा घरच्या अंगणालाही लागू आहे. फुटबॉलसाठी 40 ते 60 मिलिमीटर लांब धाग्यांचे गवत लागते. चेंडू नीट उसळावा अशी अपेक्षा असेल तर धागे आखूड, दाट व वाळूने भरलेले हवेत. बॅडमिंटनमध्ये शटल जमिनीवर उसळवायचे नसते, त्यामुळे आखूड गवत पुरते. मात्र वाऱ्याने ते भरकटते, म्हणून भिंतीच्या किंवा झाडांच्या आडोशाची जागा निवडावी.

बॅडमिंटनचेच उदाहरण घेऊ. दुहेरी खेळाचे अंगण 13.40 मीटर लांब व 6.10 मीटर रुंद असते. भोवती सुमारे एक मीटर जागा सोडली, तर 15.5 मीटर लांब व 8 मीटर रुंद, म्हणजे 124 चौरस मीटर जागा लागेल. हे गवत बहुधा 4 मीटर रुंदीच्या गुंडाळ्यांत मिळते. दोन पट्टे लांबीच्या दिशेने शेजारी अंथरले की सांधा नेमका मधल्या पांढऱ्या रेषेवर येतो व तिच्याखाली झाकला जातो. दोन्ही पट्ट्यांचे धागे एकाच दिशेला झुकलेले असावेत; नाही तर एक अर्धा फिकट व दुसरा गडद दिसेल.

आता मुख्य गोष्ट. लोक गवताचा रंग व दर्जा पाहतात, पण अंगणाचे आयुष्य ठरते ते गवताखालच्या थरांवर. वरची मऊ माती व मुळे सुमारे 15 सेंटीमीटर खोल काढून टाकावीत. ही माती फेकू नये, ती झाडांच्या आळ्यांत घालावी. कडेने विटांची वा दगडाची पक्की कड बांधावी. तळाशी पाणी झिरपू देणारे कापड घालून त्यावर खडीचा 10 सेंटीमीटरचा थर पसरावा व रोलरने दाबावा. आपल्या अंगणासाठी दाबलेली खडी साडेबारा घनमीटरच्या आसपास भरेल. वरून दगडाच्या बारीक कचाचा पातळ थर देऊन पुन्हा दाबावे. उतार शंभरात एक, म्हणजे 8 मीटर रुंदीस 8 सेंटीमीटर असावा, आणि तो घराकडे कदापि नसावा. काम चालू असतानाच पाणसळ लावून स्वतः पाहावे. थर नीट दाबला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात खळगे पडतात आणि धावत्या मुलाचा पाय मुरगळतो.

पाण्याचा हिशेबही करावा. एवढ्या अंगणावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी 1,240 लिटर पाणी जमते. कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खडीऐवजी काँक्रीट ओतले, तर हे पाणी आपल्या विहिरीस मिळत नाही. ते शेजाऱ्याच्या अंगणात जाते आणि सोबत तंटाही नेते.

नागपूर, जयपूर यांसारख्या ठिकाणी राहणाऱ्या वाचकांनी उन्हाचा विचार अवश्य करावा. जिवंत गवत बाष्पोत्सर्जनाने थंड राहते. कृत्रिम गवत प्लास्टिकचे असल्यामुळे तापत जाते. भर उन्हात त्याचे तापमान 60 अंश सेल्सिअसवर गेल्याची मापने झालेली आहेत. पाणी शिंपडल्याने येणारा गारवा थोडाच वेळ टिकतो. लहान मुले अनवाणी धावतात, हे ध्यानात ठेवून दुपारचा खेळ वर्ज्य करावा आणि पश्चिमेचे झाड, त्याची पाने रोज झाडावी लागली तरी, तोडू नये.

धाग्यांमध्ये भरण्यासाठी जुन्या टायरच्या रबराचे दाणे सुचवले गेल्यास नकार द्यावा व धुतलेली वाळू मागावी. हे दाणे पावसाबरोबर नाल्यात जातात. अशा दाण्यांच्या विक्रीवर युरोपीय संघाने 2023 साली बंदीचा नियम केला असून, तो अमलात आणण्यास आठ वर्षांची मुदत दिली आहे. शिवाय गवताचे आयुष्य साधारण आठ-दहा वर्षांचे. नंतर ते गुंडाळून कोठे न्यायचे, हा प्रश्न विक्रेत्याला खरेदीपूर्वीच विचारावा.

म्हणून आमचे सांगणे असे. पहिले वर्ष मुरमाचे अंगण करून पाहावे. खडी, उतार व कड एकदा नीट साधली की त्यावर मुरूमही चालतो आणि पुढे मुरूम खरवडून गवतही अंथरता येते. वर्षभर मुले रोज जाळीपाशी जमली, तर गवताचा खर्च खुशाल करावा. न जमली, तर पैसे वाचतील आणि जमीन भाजीच्या वाफ्यांसाठी मोकळी राहील. दोन्ही परींनी कुटुंबाचे हितच आहे.