झाशीहून काय आणलंस?

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "प्रवास कसा झाला?" आणि दुसरा, "काय आणलंस?" पहिल्याचे उत्तर ऐकायला फारसे कोणी थांबत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र पिशवीतून काढून दाखवावे लागते.

माझी एक मैत्रीण दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी सुटी घालवून आली. येताना तिने सर्वांसाठी वाळलेल्या लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या आणि मार्सेयचा साबण आणला. फार महागडे काही नव्हते, पण माझ्या कपाटात ती पुरचुंडी ठेवल्यापासून कपाट उघडले की तिची आठवण होते. तेव्हापासून मनात येत होते, आपण ज्या गावी वारंवार जातो तेथून आपण काय आणतो?

माझे ते गाव समुद्रकाठचे नाही. उलट दगडाधोंड्यांचे, उन्हाळ्यात भाजून काढणारे आणि थंडीत हुडहुडी भरवणारे आहे. ते म्हणजे झाशी. माझी आत्या लग्न होऊन तेथे गेली त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. दर नाताळच्या सुटीत आमची एक फेरी झाशीला ठरलेली.

परमुलखातले मराठी घर

झाशी म्हटले की राणी लक्ष्मीबाई आठवते. पण तेथे मराठी माणसाचे बस्तान तिच्याही आधी शंभर वर्षे बसले होते. १७४२ मध्ये नारोशंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीला आले आणि किल्ल्याखालचे शहर त्यांनी वसवले. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या घंटेवरून म्हण पडली, तेच हे नारोशंकर. त्यांच्या मागोमाग महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे गेली व तेथलीच झाली. गणेश मंदिर आजही आहे. १८४२ मध्ये गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न तेथे लागले असे सांगतात. स्टेशनाचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे झाले असले तरी आत्या मात्र फोनवर "झाशीला उतर" एवढेच म्हणते.

आत्याचे मराठी आता थोडे वेगळे झाले आहे. "चहात शक्कर किती घालू?" असे ती सहज विचारते. पण तिच्या घरी चैत्रात गौर बसते, श्रावणात मंगळागौरीची गाणी होतात आणि संक्रांतीला वाण लुटले जाते. हे सारे सांभाळायला परमुलखात काय लागते, हे मला फार उशिरा कळले.

तीन वर्षांपूर्वीचे कॅलेंडर

आमचे बाबा होते तोवर झाशीची भेटवस्तू त्यांच्याकडे असे. कोकम, गोडा मसाला आणि नव्या वर्षाचे मराठी कॅलेंडर. कॅलेंडर नेताना ते गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधत आणि गाडीत कोणाला त्यावर बसू देत नसत. मला हसू यायचे. एवढ्या लांब जायचे आणि बहिणीला द्यायचे काय, तर कॅलेंडर!

बाबा गेल्यावर ती जबाबदारी माझ्यावर आली. पहिल्या वर्षी मी चांगला महाग मिक्सर नेला, दुसऱ्या वर्षी काचेचा डिनर सेट. आत्याने दोन्ही वेळा कौतुक केले. तिसऱ्या वर्षी पाहुण्यांसाठी गाद्या काढायला माळ्यावर चढले, तर दोन्ही खोकी जशीच्या तशी. मन खट्टू झाले. खाली स्वयंपाकघरात आले, तर भिंतीवर बाबांनी शेवटचे आणलेले, तीन वर्षांपूर्वीचे कॅलेंडर.

"आत्या, हे अजून इथे कसं?"

"राहू दे गं. दादाचं अक्षर आहे त्यावर."

जवळ जाऊन पाहिले. प्रत्येक महिन्याच्या पानावर बाबांनी लाल शाईने काही ना काही लिहिले होते. आजीची तिथी. आत्याचा वाढदिवस. आमच्या घरच्या सत्यनारायणाचा दिवस. दर वर्षी ते असे लिहून मगच कॅलेंडर बांधत असत, हे मला ठाऊकच नव्हते.

मग आत्याने सांगितले. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. त्यामुळे शुद्ध पक्ष दोघांचा एकाच महिन्यात येतो. पण वद्य पक्ष आला की त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचे नाव लागते. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, शेजारणीच्या पंचांगात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच, महिना निराळा. शेजारचे श्रावणी सोमवार आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतात. सासरी आली तेव्हा या गोंधळात आत्याने एक व्रत चुकीच्या महिन्यात धरले होते. तेव्हापासून बाबांनी कॅलेंडराचा नेम धरला, तो शेवटपर्यंत.

"मोबाइलवर नात तिथी काढून देते," आत्या म्हणाली, "पण दुधाचा हिशेब कुठे लिहू? मोबाइलवर?"

"मग मला सांगायचं नाही का? मी आणलं असतं!"

"अगं, मागून घेतली तर ती भेट कसली? तो बाजारहाट झाला."

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोन वर्षे मी भेट आत्यासाठी घेतच नव्हते. मिक्सरची किंमत पाहून झाशीचे लोक मला काय म्हणतील, याचा विचार मी केला होता. आत्याचे घर, तिचे स्वयंपाकघर, तिची भिंत मी पाहिलीच नव्हती.

येताना मी झाशीहून घरच्यांसाठी काय काय आणायचे, याचाही मग नव्याने विचार केला. किल्ल्याबाहेर घेतलेल्या प्लॅस्टिकच्या तलवारी आणि मुंबईतही मिळणाऱ्या पर्स बाजूला ठेवल्या. एकेक माणूस डोळ्यांपुढे आणले आणि मग बाजारात गेले. त्यातून जे सुचले ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

साडी नेसणारीसाठी चंदेरी

झाशीहून ललितपूर आणि तेथून ३५-४० किलोमीटरवर मध्य प्रदेशातले चंदेरी. येथल्या कापडात बहुधा उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे असतात. म्हणून ते वजनाला हलके आणि दिसायला झुळझुळीत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १९१० मध्ये येथे विणकाम शिकवणारे केंद्र काढले होते आणि २००५ मध्ये चंदेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. साडी परवडत नसेल तर ओढणी किंवा ब्लाउजपीस घ्या, तेही चंदेरीच. घेताना कापड उलटे करून पाहा. हातमागावर प्रत्येक बुट्टी वेगळ्या छोट्या कांडीने विणतात, त्यामुळे मागची बाजूही नीटस असते. यंत्रमागाच्या नकलेत दोन बुट्ट्यांमधले धागे कापलेले असतात आणि त्यांची टोके मागे दिसतात. आणि जिला देणार तिला हेही सांगा की, साडी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवावी आणि अधूनमधून घडी बदलावी. नाही तर घडीवर ती चिरते.

लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यासाठी हातकागद

झाशीहून सुमारे १६ किलोमीटरवर बेतवाकाठी ओरछा आहे. रामराजाचे दर्शन आणि छत्र्या पाहून झाल्या की, जवळच्या तारा ग्राम येथे जाऊन या. सुती चिंध्यांपासून येथे हाताने कागद तयार केला जातो आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना त्यातून काम मिळाले आहे. चिंध्या बारीक करून त्यांचा लगदा करायचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचे. झाशी-कानपूर मार्गावरचे काळपीही हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. वह्या, पाकिटे, फायली असे बरेच काही मिळते. माझ्या सासऱ्यांना रोज चार ओळी लिहायची सवय आहे. त्यांना अशी एक वही दिली. "चांगल्या वहीत काय लिहू?" म्हणून महिनाभर ती तशीच होती. आता ती संपत आली आहे.

बाळगोपाळांसाठी कापडी खेळणी

उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये प्रत्येक जिल्ह्यातून एक उत्पादन निवडले, तेव्हा झाशीच्या वाट्याला मऊ कापडी खेळणी आली. हत्ती, अस्वले, ससे असे हवे ते निवडा. मात्र मूल दोन-तीन वर्षांच्या आतले असेल तर डोळ्यांना चिकटवलेले मणी नकोत, दोऱ्याने भरलेले डोळे हवेत. शिवण ओढून पाहा. आतला कापूस बाहेर आला की तो सरळ तोंडात जातो.

जपून ठेवणाऱ्यासाठी दगड

झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर महोबा आणि बांदा ही गावे लागतात. महोब्याला गौरा नावाच्या मऊ, फिकट दगडाच्या मूर्ती आणि डब्या कोरतात. बांद्याला केन नदीत सापडणाऱ्या शजर दगडाला पैलू पाडतात. त्या दगडात निसर्गतःच झाडे, फांद्या, पाने उमटलेली दिसतात. एकासारखा दुसरा नसतो. लेकीला किंवा सुनेला लॉकेटसाठी असा एखादा खडा द्या. "हे झाड फक्त तुझ्याच दगडात आहे," एवढे सांगितले तरी त्याचे मोल वाढते.

संक्रांतीच्या वाणासाठी गजक

नाताळच्या सुटीनंतर लगेच संक्रांत येते. थंडीत झाशी-ग्वाल्हेरच्या बाजारात तिळाची गजक मिळते. तीळ आणि गुळाचा पाक एकत्र करून, ओढून, कुटून तिचे पापुद्रे करतात. मुरैनाच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. "तिळगूळ घ्या" म्हणताना हातावर गजकेचा तुकडा ठेवला की, हळदीकुंकवाला आलेल्या बायका हटकून विचारतात, "ही कुठली?" मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र ती लवकर मऊ पडते. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि वाटायच्या दिवशीच उघडा.

वस्तूबरोबर चार शब्दही द्या

कोणतीही भेट देताना एका चिठ्ठीवर ती कुठून घेतली, कशी होते, कशी सांभाळावी हे लिहा. तेवढ्याने साधी वही ओरछ्याची होते. सर्वांसाठी एकसारख्या डझनभर वस्तू घेण्यापेक्षा जमतील तेवढ्याच घ्या. पण प्रत्येकीवर नाव ठरलेले असू द्या. आणि जेथे जाता तेथल्या माणसांनाही विसरू नका. आपण आणायच्या वस्तूंची यादी करतो, न्यायच्या वस्तूंची क्वचितच करतो.

झाशी पाहिलेला एक मराठी प्रवासी मला या निमित्ताने नेहमी आठवतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचे कर्ज फिटावे म्हणून ते १८५७ मध्ये चुलत्यांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते तेथेच होते. जमवलेला पैसा लुटीत गेला. त्यांची हकिकत १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापली गेली. ज्या पैशासाठी गेले तो आणता आला नाही. पण परतताना त्यांनी खांद्यावर गंगेची कावड आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. त्या काळच्या म्हाताऱ्या आईबापांना दुसरे काय हवे होते? ते मुलाने ओळखले आणि शेकडो कोस चालत वाहून आणले.

गेल्या डिसेंबरात मी झाशीला निघाले तेव्हा पिशवीत कोकम होते, गोडा मसाला होता आणि वर्तमानपत्रात बांधलेली एक गुंडाळी होती. आदल्या रात्री बसून मी लाल पेनाने सगळे लिहिले होते. आजीची तिथी, आत्याचा वाढदिवस, सत्यनारायण. आणि एका पानावर, हात जरा थांबवून, बाबांची तिथी.

आत्याने एकेक पान उलटून पाहिले. त्या पानावर ती थोडा वेळ थांबली. मग जुन्याच खिळ्यावर जुन्याच्या पुढे नवे कॅलेंडर अडकवले आणि म्हणाली, "बैठ, चहा टाकते."