हिरडीची साक्ष आणि सायनसचा पडदा

वरच्या जबड्यातील दाढा पडून दीर्घ काळ लोटला, म्हणजे त्यांना धरून ठेवणारे हाड झिजते, त्यांच्यावरची सायनसची पोकळी खाली उतरते आणि इम्प्लांट रोवण्यापुरती हाडाची उंची उरत नाही. अशा वेळी अंड्याच्या कवचाआतील पापुद्र्याइतका नाजूक असा सायनसचा पडदा न फाडता वर उचलून त्याखाली हाडाची भर घालावी लागते. बॉइन व जेम्स यांनी 1980 साली ही ‘सायनस लिफ्ट’ शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पडद्याला छिद्र पडणे हीच तिच्यातील सर्वांत नेहमीची आपत्ती होय. या पडद्याची जाडी रुग्णाच्या हिरडीवरूनच ओळखता येते, पुढच्या दातांच्या हिरडीच्या फटीत घातलेला प्रोब (बारीक सळई) हिरडीतून बाहेर दिसला तर पडदा पातळ आणि न दिसला तर जाड समजून निर्धास्त व्हावे, असे जे प्रतिपादन केले जाते, त्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. आयमेत्ती व त्यांचे इटालियन सहकारी यांनी 2008 साली 20 रुग्णांच्या पडद्याचे नमुने तपासले, तेव्हा जाड हिरडीच्या गटात त्याची सरासरी जाडी 1.26 मिलिमीटर, तर पातळ हिरडीच्या गटात 0.61 मिलिमीटर भरली. हा दाखला मोलाचा आहे; परंतु वीस जणांत आढळलेल्या साहचर्यास व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेला नियम, मानून प्रत्येक रुग्णाचा फैसला करणे न्याय्य नव्हे. हिरडी चर्वणाचे घर्षण सोसते, तर सायनसचा पडदा श्वसनमार्गाचा असून श्लेष्मा वाहून नेतो; धूम्रपान, ॲलर्जी किंवा दाढेच्या मुळाशी मुरलेला जुना संसर्ग यांनी तो सुजून जाड होतो, आणि पुढच्या दातांच्या हिरडीत त्याची वर्दी पोहोचेलच असे नाही. शिवाय सुजलेला पडदा बळकट असतो, हे तरी कोणी सिद्ध केले? छिद्राचे कारण केवळ पातळपणातही नसते. अंडरवूड यांनी 1910 साली वर्णिलेल्या सायनसमधील हाडाच्या आडभिंती, पोकळीचा अरुंद कोन आणि बाह्य भिंतीतून जाणारी धमनी यांविषयी हिरडी अवाक्षरही सांगत नाही.

मग हिरडी पाहूच नये काय? अवश्य पाहावी. पातळ हिरडी दिसताच शल्यकाने हात अधिक हळुवार चालवावा, कारण इशारा खोटा ठरला तरी रुग्णाचे काही बिघडत नाही. जाड हिरडीचे आश्वासन खोटे ठरले, तर मात्र त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. म्हणून हिरडीची साक्ष सावधगिरीच्या बाजूने दाखल करून घ्यावी, निर्धास्तपणाच्या बाजूने कदापि नाही. निर्धास्त व्हायचे तर सीबीसीटी हे त्रिमितीय क्ष-किरण चित्रणच पाहावे. ते टाळण्यासाठी खर्चाची सबब सांगितली जाते. पण इम्प्लांट व हाडभरणी यांच्या खर्चापुढे सीबीसीटीचा खर्च अल्प आहे. तेव्हा वाचकहो, सायनस लिफ्टचा सल्ला मिळाला, तर आपल्या सायनसचे त्रिमितीय चित्र पाहिले आहे काय, हे दंतवैद्यास निःसंकोच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नका.