'ऐन भरात' नावाची अट

मुष्टियुद्धाच्या चाहत्यांमध्ये एक वाद पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. ज्या दोघांची गाठ कधी पडली नाही, किंवा पडली तेव्हा त्यांपैकी एक थकलेला होता, अशा दोघांना कल्पनेच्या रिंगणात उतरवायचे आणि कोण जिंकला असता ते ठरवायचे. जो लुई आणि मुहम्मद अली, अली आणि माइक टायसन, रॉकी मार्सियानो आणि जॅक डेम्प्सी. जोड्या बदलतात, अट तेवढी कायम राहते. दोघेही 'ऐन भरात' असले पाहिजेत. या वादाला पोरखेळ म्हणून झटकून टाकणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकी नाही. आक्षेप आहे तो त्या अटीवर. वरकरणी ती न्यायाची वाटते; पण तिच्या आडून बराच अन्यायही खपून गेला आहे.

अट मुळात का घालावीशी वाटते, हे समजण्याजोगे आहे. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुई आणि मार्सियानो खरोखरच लढले. लुई सदतीस वर्षांचा होता, प्राप्तिकराच्या थकबाकीपायी निवृत्ती मोडून परतलेला. मार्सियानो अठ्ठावीस वर्षांचा. आठव्या फेरीत लुई दोरांबाहेर फेकला गेला आणि लढत थांबली. १९३८ साली मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवणारा लुई तो हा नव्हे, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. प्रत्यक्षाने दिलेला निकाल असा अपुरा वाटला, की कल्पनेकडे अपील करावेसे वाटते. इथपर्यंत अट निर्दोष आहे.

पण तिचा दुसरा इतिहासही आहे. १९०८ च्या डिसेंबरमध्ये सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. ती लढत पाहून लिहिलेल्या वृत्तान्तात कादंबरीकार जॅक लंडन याने जिम जेफ्रीजला साद घातली : शेतमळा सोडून परत ये आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचे हसू पुसून टाक. जेफ्रीज १९०५ साली अपराजित निवृत्त झाला होता. तो परतला आणि ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे पंधराव्या फेरीत हरला. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसे मेली. निकाल बदलता येत नव्हता. मग समजूत काढायला एकच वाक्य उरले : जेफ्रीज ऐन भरात असता तर! स्वतः जेफ्रीजने, आपण भरात असतानाही जॉन्सनपुढे टिकलो नसतो, अशी कबुली लढतीनंतर दिल्याचे वृत्तपत्रांत आले. पण कल्पनेतला जेफ्रीज खऱ्या जेफ्रीजचे कशाला ऐकतो!

तो कल्पनेतला जेफ्रीज १९६७ साली पुन्हा अवतरला. मरे वोरोनर नावाच्या रेडिओ-निर्मात्याने सर्व काळच्या हेवीवेट योद्ध्यांची एक स्पर्धा संगणकाकरवी घडवून आणली आणि तिच्या लढती नभोवाणीवर 'प्रक्षेपित' केल्या. तीत जेफ्रीजने अलीला हरवले. त्याच वर्षी अलीने सैन्यात भरती व्हायला नकार दिला होता. त्याचे विजेतेपद गेले होते, परवाना गेला होता. उरली होती ती कीर्ती, आणि आता यंत्र तीही घेऊ पाहत होते. अलीने दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा लावला. अखेर तडजोड झाली : त्याला दहा हजार डॉलर मिळाले आणि त्या बदल्यात त्याने मार्सियानोबरोबर चित्रपटासाठी एक लुटुपुटूची लढत खेळायची.

१९६९ साली ती चित्रित झाली. पंचेचाळिशीचा मार्सियानो वजन उतरवून, केसांचा टोप घालून उभा राहिला. वेगवेगळे शेवट चित्रित केले गेले. कोणता खरा ठरणार, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ३१ ऑगस्टला मार्सियानो विमान-अपघातात गेला. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखवला गेला तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानो अलीला तेराव्या फेरीत बाद करताना पाहिला. युरोपात मात्र अली जिंकल्याची आवृत्तीही दाखवली गेली. आता निकाल नेमका कोणी दिला म्हणायचे? यंत्राने, की तिकीट काढून बसलेल्यांच्या इच्छेने? हा संगणक अलाबामात बनवला असावा, असे अली म्हणाल्याचे सांगतात. विनोदातले हे समीक्षण गंभीरपणे घ्यावे असे आहे. न्यायाधीश कोण, हे न सांगता दिलेला निवाडा तटस्थ नसतो. तो फक्त तसा दिसतो.

आणि अलीचा भराचा काळ तरी कोणता? जाणकार १९६६ च्या नोव्हेंबरमधील क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धच्या लढतीकडे बोट दाखवतात. पायांचा तो वेग नंतर कधी दिसला नाही, हे खरेच. मार्च १९६७ नंतर ऑक्टोबर १९७० पर्यंत, म्हणजे पंचविशी ते अठ्ठाविशी, त्याला लढूच दिले गेले नाही. तेव्हा अलीच्या बाबतीत 'ऐन भरात' ही अट म्हणजे हिरावून घेतलेल्या वर्षांची भरपाई होय. इथे कल्पना न्यायाच्या बाजूने उभी राहते. पण एक अडचण उरते. १९७४ साली किन्शासात जॉर्ज फोरमनचे घाव दोरांना टेकून झेलत त्याला दमवणारा आणि १९७५ साली मनिलात जो फ्रेझरविरुद्ध चौदा फेऱ्या तगून राहिलेला अली भर ओसरलेला होता. पाय साथ देईनात म्हणून त्याला दुसरे काही शोधावे लागले, आणि ते जे काही होते त्यालाच आपण आज थोरपणा म्हणतो. ऐन भरातल्या अलीला त्याची गरज पडली नसती. मग ते आपल्यात आहे, हे त्याला तरी कसे कळले असते?

म्हणून अट मोडीत काढावी असे नाही, प्रश्न बदलावा. 'कोण जिंकला असता' याऐवजी 'कोणी कोणाला काय करायला भाग पाडले असते' असे विचारून पाहावे. मार्सियानो वाकून, खालून शिरून मारणारा, आखूड हातांचा. अली दूर राहून लांब जॅबने लढणारा. वाकून येणाऱ्या फ्रेझरने १९७१ साली डाव्या हुकने पंधराव्या फेरीत अलीला पाडले, हा पुरावा आहे. पण तोही पुनरागमनानंतरच्या अलीविरुद्धचा, ही मर्यादाही सोबत नोंदवावी लागते. असे बोलू लागलो की निकाल लांबतो आणि दोघांच्या शैली स्पष्ट दिसू लागतात. याला मी समीक्षा म्हणेन.

साहित्याच्या वर्गात आपण वेगळे काय करतो? केशवसुत थोर की मर्ढेकर, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात तेव्हा आपणही दोघांना काळातून उचलून एका रिकाम्या रिंगणात उभे करतो आणि पंचाचा सदरा हळूच अंगावर चढवतो. तुलना करू नये असे मी म्हणणार नाही, तुलनेवाचून वाचन नाही. मात्र ज्याने त्या कवीला घडवले तो काळ वजा करून उरलेल्याला 'खरा' कवी म्हणू नये, आणि सदऱ्याच्या आत आपणच आहोत हे लपवू नये.

असो. लुई आणि अली ऐन भरात भेटते तर? माझा कौल अलीला आहे. पण तो कौल माझा आहे, एवढे मी आधीच सांगून ठेवतो.